वरवंट्याच्या कानात सांगितलेलं नाव

एक होता राजा. तो असतोच रे नाम्या, राजाशिवाय गोष्टीला बूड नाही. या राजाचं नाव उदयभान. राज्य एवढंसं, की वाड्याच्या गच्चीवर पापड वाळत घातले तर कावळे शेजारच्या राज्यातून यायचे. राजा मनानं भला होता, पण हलक्या कानाचा. कुणी सांगितलं की आज ऊन थंड आहे, की हा लगेच घोंगडी मागवायचा.

त्याच्या राणीचं नाव कमळजा. बिचारीला बरीच वर्षं मूल नव्हतं. नवस झाले, उपास झाले, अंगारे-धुपारे झाले. मग एकदाची मुलगी झाली. गोरी नाही, काळी नाही, आपल्या सगुणीसारखी गव्हाळ. हसतेस काय? खरंच सांगते.

मग बारसं आलं. आता बारशाला काय करतात, ठाऊक आहे का? पाळणा सजवतात. पण लेकराला लगेच नाही ठेवत त्यात. आधी ठेवतात वरवंटा. हो, तोच तो चटणी वाटायचा. त्याला टोपडं घालायचं, काजळाची तीट लावायची, आणि कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत पाळण्याच्या खालून-वरून द्यायचा-घ्यायचा. कुणाची वाईट नजर असलीच तर ती दगडाला लागू दे, माझ्या लेकराला नको. मग वरवंटा काढायचा, बाळ ठेवायचं, आणि आत्यानं वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं. कुर्रर्र! की लगेच बायका आत्याच्या पाठीत धपाधप बुक्के घालतात.

तर राजाची बहीण गोदाक्का आली बारशाला. लांबून आली, बैलगाडीतून, अंग आंबलेलं. डोळ्यांनी तिला कमी दिसायचं. पण ते कबूल करील तर ती गोदाक्का कसली! परवा तर म्हणे खांबाला "सरका हो भावजी" म्हणाली होती. आणि खांब सरकला नाही म्हणून रुसली होती.

त्या दिवशी काय झालं, पाळणा गाणाऱ्या बायकांचा गलका, धुपाचा धूर, आणि ऐन वेळेला बाळाला लागली भूक. राणी पडद्याआड बाळाला पाजायला बसली. पाळण्यात टोपडं घातलेला वरवंटा तसाच. आणि गोदाक्का लगबगीनं पुढं झाली, वाकली, आणि वरवंट्याच्या कानात म्हणाली, "हेमावती, कुर्रर्र!"

बायकांनी सवयीनं बुक्केही घातले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं. आणि जी हसाहशी झाली म्हणता! घुगऱ्या लोकांच्या नाकातून बाहेर आल्या.

राणी म्हणाली, "वन्सं, पुन्हा सांगा ना नाव."

गोदाक्का फणकारली. "एकदा तोंडातून गेलेलं नाव उष्टं झालं. उष्टं नाव लेकराला देत नाहीत आमच्यात."

दुसरं नाव सुचवायला ती थांबली नाहीच. गाडी जुंपली आणि गेली. राजा म्हणाला, राहू दे, नावात काय अडलंय? मग मुलीला सगळे चिमी म्हणायला लागले. आणि वरवंटा गेला मुदपाकखान्यात. आचारी गमतीनं त्याला हेमावती म्हणायचे. "हेमावतीला आण रे, खोबरं वाटायचंय."

चिमी मोठी झाली, दुधाचे दात पडण्याएवढी. हुंदडायची, पडायची, रडायची, आणि संध्याकाळ झाली की जाऊन आईच्या मांडीत शिरायची. मांडी केवढी, ही केवढी, पाय बाहेर लोंबायचे. तरी तिथंच बसायची. राणीही तिला थोपटत कुठलंसं गाणं गुणगुणायची. त्या मांडीशिवाय चिमीला दुसरं काही नको होतं, बरं का.

आता या राज्यात एक राजपंडित होते, वाचस्पतिशास्त्री. माणूस वाईट नव्हता. पण राज्य लहान, भांडणं कमी, शास्त्रीबुवांना काम नाही. आणि रिकाम्या डोक्यात काय येईल सांगता येत नाही. एक दिवस ते मुदपाकखान्यावरून चालले होते, आणि त्यांनी ऐकलं, "हेमावतीला धुऊन ठेव रे." ते थबकले. चौकशी केली. बारशाची हकीकत कळली. झालं! तसेच राजाकडे गेले.

"महाराज, घात झाला. नाव म्हणजे काय? नाव म्हणजे आतल्याला मारलेली पहिली हाक. ती हाक ऐकून आतला जागा होतो. हाक गेली वरवंट्याला. म्हणजे राजकन्या जागी झाली ती वरवंट्यात."

राजा म्हणाला, "आणि आमची चिमी?"

"चालते, बोलते, हसते. पण आत कोणी नाही."

राजाला हसू आलं. मग शास्त्रीबुवांनी चिमीला बोलावलं. बाभळीचा काटा घेतला आणि तिच्या बोटाला टोचला. चिमी म्हणाली, "आई गं!"

"कुठं दुखलं?"

"बोटात."

"बोटाला कळतं? मग कापलेल्या नखाला का कळत नाही? दुखलं ते कुणाला कळलं, तिला दाखव बरं."

चिमीनं बोट पाहिलं. पोट चाचपलं. छाती चाचपली. डोकं धरून हलवून पाहिलं, नारळात पाणी आहे का पाहतात ना, तसं. मग म्हणाली, "सापडत नाही हो."

"पाहा महाराज!" शास्त्रीबुवा म्हणाले. "काटा लागला की तोंड 'आई गं' म्हणतं. दार वाजलं की कडी वाजते, तसं. घरात मात्र कोणी नाही."

सांगितलं ना, राजा हलक्या कानाचा. हसू गेलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. हुकूम निघाला की खरी राजकन्या ती हेमावती, गादीही तिचीच. मग वरवंट्याला चंदनाचं तेल लावलं. शालू नेसवला. नाक नव्हतं म्हणून नथ डोक्यालाच बांधली. पुढ्यात बासुंदीची वाटी ठेवायला लागले. बासुंदी संपायची, बरं का! दासी जाड झाल्या, हा भाग वेगळा.

चिमीला त्याचं काही वाटलं नाही. तिला गंमतच वाटली. पण त्या संध्याकाळी ती आईच्या मांडीत शिरली, आणि आईचा थोपटणारा हात मध्येच थांबला. राणीनं तिच्याकडं पाहिलं. चिमी हसली. राणीच्या मनात आलं, हे कोण हसतंय? की नुसतं तोंडच हसतंय? तिनं चिमीला हळूच खाली ठेवलं आणि दासीला म्हणाली, "हिला झोपव गं."

दुसऱ्या दिवशीही तसंच, आणि तिसऱ्या दिवशी राणीनं दार लावून घेतलं. आतून ती रडत होती, पण ते चिमीला कसं कळणार? चिमी दाराबाहेर बसली आणि खूप रडली. आणि रडता रडता तिलाही वाटायला लागलं, आपण रडतोय म्हणजे नक्की कोण रडतंय? खरंच आत कोणी नसलं तर?

सगुणे, तुझे डोळे का भरले? अगं, गोष्ट संपली का? पुढं ऐक.

सकाळ होताच चिमी उठली. तिनं डोळे पुसले आणि ठरवलं, आपल्या आतली कुठंतरी बाहेर गेली असेल, तिला शोधून आणू, म्हणजे आई जवळ घेईल. तिनं एक तांब्या घेतला. सापडली तर आणायला कशात तरी नको का? आणि दारावरच्या पहारेकऱ्याला "माझी आतली आणायला चाललेय" म्हणून सांगून ती निघाली.

चालता चालता लागली एक विहीर. विहिरीत एक म्हातारं कासव. पाठीवर शेवाळ, डोळे मिचमिचे. चिमीनं वाकून विचारलं, "कासवआजोबा, माझ्या आतली कुठं असेल?"

कासव म्हणालं, "मी आत पाहायचं असलं की डोकं आत ओढून घेतो. तू डोळे मीट. काय दिसतं सांग."

चिमीनं डोळे मिटले. "भूक आहे," ती म्हणाली. "पाय दुखताहेत. आईचं एक गाणं आहे, अर्धंच. आणि भीती आहे."

"आणि त्यांची मालकीण?"

चिमीनं पुष्कळ शोधलं. भुकेच्या मागं पाहिलं, गाण्याच्या मागं पाहिलं. भीतीच्या मागं पाहिलं तर तिथं अजून थोडी भीती. "ती नाही दिसत," ती म्हणाली.

कासवानं सुस्कारा टाकला. "मलाही कधी दिसली नाही पोरी. म्हणून तर मी डोकं पुन्हा बाहेर काढतो." आणि ते पाण्यात गेलं. चिमीला आणखीच भीती वाटली.

मग ती पुढं निघाली. माळावर एक वारूळ लागलं. तिथं एक नागीण अंग घासून घासून कात टाकत होती. चिमी लांबूनच म्हणाली, "नागीणमावशी, तू कातीच्या आतली का? खरी?"

नागीण म्हणाली, "मला दर वेळी तसंच वाटतं बाई. कात टाकली की वाटतं, आता निघाली आतली खरी. मग काही दिवसांनी तीही ढिली पडते, आणि तिच्या आतून आणखी कोणी निघते. इतक्या काती टाकल्या, शेवटची खरी काही हाती लागली नाही."

"मग तू आहेस की नाहीस?"

"ते बाई मला नको विचारू. पण उंदीर मात्र मलाच पकडावा लागतो. काती काही पकडून देत नाहीत." आणि नागीण सळसळत वारुळात गेली.

चिमीला हसू आलं. भीतीतसुद्धा येतं हो हसू. मग ती पुढं निघाली आणि नदीवर आली. तिथं पाण्यात एक मोठा भोवरा फिरत होता, गरागरा गरागरा. काठावरचं पान पडलं की आत घेऊन जायचा. चिमीला तो फार आवडला. ती म्हणाली, "भोवरेदादा, तुझ्या आत कोण आहे रे?"

"तूच पाहा," भोवरा म्हणाला. "तांब्या आहे ना? घे मला भरून."

चिमीनं काठाच्या झाडाचं मूळ घट्ट धरलं, हात लांब केला आणि बरोबर भोवऱ्याच्या मधोमध तांब्या बुडवून भरला. काढून पाहते तो काय, तांब्यात नुसतं पाणी. शांत. आणि भोवरा आपला नदीत फिरतोच आहे.

"अरे, तू तर यात आलाच नाहीस! हे पाणी म्हणजे तू नाहीस?"

"पाणी? सकाळचं पाणी केव्हाच पुढच्या गावी गेलं. आत्ताचंही चाललं. मी पाणी नाही गं, मी पाण्याचं फिरणं आहे. तांब्यात फिरणं मावत नाही."

चिमी विचारात पडली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तू खोटा?"

भोवरा जोरात हसला, काठ भिजला. "खोटा? अगं, परवाच एक नाव बुडवलीय मी. त्या नावाड्याला विचार, मी खोटा का ते. पोहत पोहत शिव्या देत गेला."

चिमी काठावर बसून राहिली. पुष्कळ वेळ पाहत राहिली. मग तिनं तांब्यातलं पाणी नदीत ओतलं, आणि रिकामा तांब्या घेऊन घरी निघाली. तिला जे हवं होतं ते मिळालं नव्हतं. आई आता जवळ घेणार नाही, हेच तिच्या मनात येत होतं. पण दुसरीकडं जाणार कुठं? लेकरू आईकडेच जातं.

इकडं वाड्यात चौघडा झडत होता. त्याच दिवशी हेमावतीला गादीवर बसवायचं होतं. भरदुपारी दरबार भरलेला. गोदाक्काही आली होती, मानानं पुढं बसली होती आणि समईला "बरी आहेस ना?" म्हणत होती. वरवंटा पालखीत होता, शालू नेसून. आणि चिमी दारात उभी राहिली. केसांचा गुंता, पायांना चिखल.

शास्त्रीबुवांनी विचारलं, "काय गं, सापडली का आतली?"

आता चिमीला खोटं बोलता आलं असतं. पण ती खरं तेच म्हणाली. "नाही. भूक सापडली, भीती सापडली, आईचं अर्धं गाणं सापडलं. ते सगळं धरून बसलेली कोणी सापडली नाही."

राणीनं मान खाली घातली.

"पाहा!" शास्त्रीबुवा म्हणाले. "पोर खरं बोलते, एवढं मात्र मानलं पाहिजे."

चिमी त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, "शास्त्रीबुवा, तुमच्या आत आहे ना? मग मला एकदा दाखवा ना. ती दिसते कशी हेच मला ठाऊक नाही. म्हणून सापडत नसेल."

ती खोडी काढत नव्हती, बरं का. तिला खरंच पाहायचं होतं.

शास्त्रीबुवा हसले. "त्यात काय!" म्हणाले, आणि डोळे मिटून बसले. आत पाहिलं. आधी दिसले पाठ केलेले श्लोक, रांगेनं. ते बाजूला केले. मग दिसला शेजारच्या राज्यातल्या पंडितावरचा राग. तोही सारला. मग सकाळच्या बासुंदीची ढेकर. मग त्याच्याही मागं पाहिलं, आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. डोळे न उघडताच ते म्हणाले, "जरा थांबा हं महाराज. इथंच असायला हवा होता."

मग राजालाही राहवेना. त्यानंही डोळे मिटले. प्रधानानं मिटले, सेनापतीनं मिटले. चौघडेवाल्यांनी टिपऱ्या खाली ठेवल्या आणि डोळे मिटले. सगळा दरबार आपापल्या आत शोधायला गेला. असा शांत झाला दरबार, की पालखीवरची माशी ऐकू यावी.

मग एकेकानं डोळे उघडले. कोणी कोणाकडं बघेना. राजा गादी चाचपून म्हणाला, "मग इथं इतकी वर्षं कोण बसलं होतं?"

आणि शास्त्रीबुवा, एवढे मोठे शास्त्रीबुवा, तोंडावर उपरणं घेऊन रडायला लागले. "मी कुठं गेलो? मी कुठं गेलो?" म्हणायला लागले. कुणाला हसू आलं नाही. सगळेच घाबरले होते.

ती भीती चिमीच्या चांगल्या ओळखीची होती. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि त्यांचा हात धरला. "रडू नका. नदीत भोवरा आहे ना, त्याच्याही आत कोणी नाही. मी तांब्यात भरून पाहिला, नुसतं पाणी आलं. पण तो नाव बुडवतो."

राजा म्हणाला, "म्हणजे आपण सगळे नुसता भास का गं?"

"भास असेल तर असेल. पण बाबा, शास्त्रीबुवांना खरंच रडू येतंय. बघा, हात कसा गार पडलाय."

एवढ्या वेळात राणीनं डोळे उघडले नव्हते. ती सगळ्यांत जास्त वेळ शोधत होती. आता तिनं डोळे उघडले, ते वाहत होते. ती उठली, पालखीला वळसा घालून तशीच पुढं आली, चिखलासकट चिमीला उचललं आणि तिथंच जमिनीवर फतकल मारून मांडीत घेतलं.

चिमी घाबरत म्हणाली, "आई, पण माझ्या आत कोणी नाही सापडलं."

"माझ्याही आत नाही गं," राणी म्हणाली. "कोणी नव्हतं. नुसतं दुखत होतं. कुणाला दुखतंय ते कळेना, पण तुझ्यासाठी दुखतंय एवढं कळलं. मला तेवढं पुरे आहे."

आणि तिनं तिला अशी आवळून धरली, की चिमीचा श्वास कोंडला. आता कोणी कोणाला जवळ घेतलं, ते शास्त्र्यांनी शोधत बसावं. मिठी मात्र घट्ट होती.

मग काय, गोदाक्का म्हणाली, "मी तेव्हाच सांगत होते!" काय सांगत होती ते कोणी विचारलं नाही. वरवंट्याचा शालू उतरवला आणि तो गेला परत मुदपाकखान्यात. पुढं चिमी राणी झाली, चिमी याच नावानं, आणि राज्य नीट चाललं. तिला कोणी म्हणालं, अमका नुसता ढोंग करतोय, त्याला काही दुखतबिखत नाही, तर ती म्हणायची, "आधी त्याला पाणी द्या. शोधू मग." आणि चटणी वाटायला बसली की आधी वरवंट्याला विचारायची, "हेमे, वाटू का गं?" लोक हसायचे. ती म्हणायची, "माझ्या आतलं मला सापडलं नाही, तिच्या आतलं मी काय सांगू? विचारायला काय जातं?" शास्त्रीबुवा मात्र रोज संध्याकाळी नदीवर जाऊन बसायला लागले. काठावरच हो, लांबूनच. ते सुखात राहिले, आपणही राहू.

काय गं सगुणे, अजून जागीच? काय म्हणतेस? झोप लागली की मी कुठं जाते?

जाशील कुठं? ही काय, माझ्या कुशीत तर आहेस. आणि झोपेत तुझं तुला नाही सापडलं, तरी घाबरायचं नाही. मी आहे ना इथं. सकाळी उठून चुलीवर भाकरी टाकीन आणि हाक मारीन, "सगुणे!" मग जी कोणी ओ देईल, तिला गरम भाकरी आणि लोणी. मिटा डोळे.